मदत हवी आहे : घर आणि व्यवसाय एकाच छताखाली, पुरानंतरचा पंचनामा मात्र फक्त घराचा

नमस्कार.

पुराचे पाणी ओसरून आज चार दिवस झाले. तळमजल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत माझ्या धाकट्या बहिणीचा शिवणकामाचा व्यवसाय आहे आणि मागच्या खोल्यांत आमचे कुटुंब राहते. पाणी छातीपर्यंत चढले होते. माणसे वेळेवर बाहेर पडली, यापेक्षा मोठे काही नाही, हे मी जाणते.

काल पाहणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी मागच्या खोल्या पाहिल्या, भिंतीवरची पाण्याची खूण मोजली, अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी यांची नोंद घेतली आणि पुढच्या खोल्यांपुढे 'घराचाच भाग' असे लिहून पंचनाम्यावर सही घेतली. आम्ही इतके थकलो होतो की, कागद नीट न वाचताच सही केली. पाच शिलाई यंत्रे, एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवून बांधणारे) यंत्र, कापडाचे तागे आणि ग्राहकांनी शिवायला दिलेले कापड यांपैकी एकाही वस्तूचा उल्लेख त्यात नाही.

वाचन केल्यावर लक्षात आले की, मदतीच्या योजना घर आणि व्यवसाय यांत बऱ्याच ठिकाणी भेद करतात. अमेरिकेत 'फेमा' या सरकारी आपत्ती-मदत संस्थेची वैयक्तिक मदत मुख्यतः घरगुती नुकसानीसाठी असते आणि व्यवसायांसाठी कमी व्याजाची आपत्ती कर्जे वेगळ्या सरकारी यंत्रणेकडून मिळतात. ब्रिटनमध्ये 2016 साली सुरू झालेली 'फ्लड री' ही पूरविम्याची व्यवस्था घरांपुरती आहे, व्यावसायिक जागा तिच्यात बसत नाहीत. म्हणजे आमच्या पुढच्या खोल्या 'घर' म्हणून नोंदल्या गेल्या, तर यंत्रांचे नुकसान कोणत्याच खात्यात धरले जाणार नाही, अशी भीती वाटते.

सही झाल्यानंतर पुरवणी निवेदन देता येते का? ग्राहकांचे कापड हे कोणाचे नुकसान समजावे? आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मापांची वही. कोणाचे कापड आले, किती आगाऊ रक्कम मिळाली, याची एकमेव नोंद तिच्यात आहे. ती पूर्ण भिजली असून पाने एकमेकांना घट्ट चिकटली आहेत. कडेची शाई उतरून निळा डाग पसरला आहे. बहीण ती वही मांडीवर घेऊन बसून राहते आणि एकेक पान सोडवण्याचा प्रयत्न करते. कृपया अनुभवी लोकांनी मार्ग सांगावा.

प्रतिसाद

ताई, सर्वप्रथम बहिणीला पाने सोडवणे थांबवायला सांगा. ओला कागद ओढला की अक्षरांसकट फाटतो. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जिथे वीज चालू असेल, अशा एखाद्या नातेवाइकांच्या घरी फ्रीझरमध्ये ठेवा. भिजलेल्या कागदावर 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे उशीर झालाच आहे. तरीही गोठवल्याने पुढची हानी थांबते आणि वही नंतर सावकाश, जाणकाराच्या मदतीने सुकवता येते.

पंचनाम्यावर सही झाली म्हणून दार बंद झाले, असे समजू नका. माझ्या छापखान्यात पाणी शिरले होते, तेव्हा मीही पहिल्या कागदावर न वाचता सही केली होती आणि आठ दिवसांनी दिलेल्या लेखी पुरवणी अर्जामुळेच यंत्रांची नोंद झाली. अर्जात भावना कमी आणि वस्तू जास्त असू द्या: प्रत्येक यंत्राचे नाव, खरेदीचे वर्ष, त्यावरील पट्टीवरचा क्रमांक, पाणी कुठपर्यंत होते आणि आत्ताची स्थिती. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. निर्णयावर दाद मागण्याची मुदत पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवा. अमेरिकेत ती निर्णयाच्या पत्रापासून 60 दिवसांची असते, तुमच्याकडे किती आहे, ते त्या कार्यालयातूनच कळेल.

यंत्रे दुरुस्तीला द्यायला हरकत नाही, किंबहुना गाळ वाळून घट्ट होण्याआधी ती उघडलीच पाहिजेत. मात्र त्याआधी भिंतीवरची खूण आणि यंत्र एकाच छायाचित्रात येईल, असे छायाचित्र घ्या. जे टाकून द्यावे लागेल, त्याचेही छायाचित्र हवे आणि प्रत्येक ताग्याचा एक तुकडा राखून ठेवा. वहीशिवायही व्यवसाय सिद्ध होतो: कापडाच्या पुरवठादाराकडे बिलांच्या प्रती असतात, बँकेच्या उताऱ्यात ग्राहकांची रक्कम दिसते, घरातल्या जुन्या छायाचित्रांत मागे यंत्रे उभी असतात.

ग्राहकांचे कापड मात्र स्वतःच्या मालात मिसळू नका. त्याची वेगळी यादी करून प्रत्येकाकडून दोन ओळींचे सहीचे पत्र घ्या. दोन्ही गोष्टी एकत्र दाखवल्या आणि पुढे तफावत निघाली, तर खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

विमा असेल, तर तिथेही दावा आजच दाखल करा. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून मिळत नाहीत, पण विम्याने नाकारल्याचे पत्र सरकारी अर्जासोबत जोडता येते.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. वही मावशींच्या घरी फ्रीझरमध्ये ठेवली आहे. सहा यंत्रांपैकी पाचांचे क्रमांक वाचता आले. सहाव्याची पट्टी गंजली आहे, त्याचे बिल पुरवठादार शोधून देणार आहेत. पुरवणी अर्ज उद्या सकाळी घेऊन जाते. जुन्या छायाचित्रांत भाचीच्या वाढदिवसाचे एक सापडले. तिच्या मागे पाच यंत्रे स्पष्ट दिसतात आणि तारीखही आहे. तेच पहिल्या पानावर जोडत आहे.