नेक्स्टक्लाउड: फायली ९२ जीबी, डिस्कवर ३४० जीबी. बाकीचं कुठे गेलं?

रिकामी_डिस्क
१२ जणांचं ऑफिस, स्वतःचा सर्व्हर, त्यावर नेक्स्टक्लाउड (फायली साठवायचं आणि वाटून घ्यायचं सॉफ्टवेअर). कामाचा ऐवज म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग्ज आणि फोटो भरलेले वर्डचे रिपोर्ट. सगळ्यांच्या फायलींची बेरीज ९२ जीबी, पण डेटा फोल्डर ३४० जीबीचं झालंय. कोटा, म्हणजे प्रत्येकाची जागेची मर्यादा, कुणालाच लावलेला नाही. कॉन्फिगमध्ये फायलींच्या जुन्या आवृत्त्या ठेवण्याच्या नियमापुढे 'डिसेबल्ड' लिहिलंय, म्हणजे त्या साठतच नाहीयेत ना?

सर्व्हर_सांभाळतो
नाही, नेमकं उलटं आहे. त्या सेटिंगमध्ये 'डिसेबल्ड'चा अर्थ 'साफसफाई बंद'. आवृत्त्या बनतच राहतात आणि कायमच्या राहतात. त्या बनूच नयेत असं वाटत असेल तर व्हर्जन्स हे ॲपच बंद करावं लागतं.

आधी जागा कुठे गेली ते मोजा. डेटा फोल्डरात प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली 'फाइल्स', 'फाइल्स_व्हर्जन्स', 'फाइल्स_ट्रॅशबिन' अशी वेगळी फोल्डरं असतात, प्रत्येकावर 'डीयू' (फोल्डरने किती जागा घेतली ते सांगणारी कमांड) चालवा. व्हर्जन्समध्ये मूळ नावाच्या शेवटी 'व्ही' आणि युनिक्स वेळेचा (१९७० पासूनच्या सेकंदांचा) आकडा लागलेल्या फायली दिसतील. त्या पूर्ण प्रती असतात, फरक तेवढा ठेवला जात नाही. ४० एमबीचं ड्रॉइंग २० वेळा सेव्ह केलं आणि सगळ्या आवृत्त्या राहिल्या, तर ८०० एमबी गेले. फाइल डिलीट केली की तिच्या आवृत्त्याही कचरापेटीत जातात, म्हणून ती पेटीही मोजा.

आवृत्ती_मोजणारा
नियम 'ऑटो' केलात तर विरळणी अशी होते: पहिल्या तासात मिनिटाला एक, २४ तासांपर्यंत तासाला एक, ३० दिवसांपर्यंत दिवसाला एक, त्यापुढे आठवड्याला एक. (पहिल्या मिनिटात याहून दाट असतात, पण त्यांचा हिशेब करत बसू नका.) ही शेवटची पायरी संपत नाही. वर्षभर रोज बदलणाऱ्या ४० एमबीच्या ड्रॉइंगच्या रोजच्या ३० आणि आठवड्यांच्या साधारण ४८, मिळून ७८ प्रती उरतात. म्हणजे एका फायलीमागे तीन जीबीच्या वर.

कोटा असेल तर आवृत्त्या उरलेल्या जागेच्या निम्म्याच्या वर जात नाहीत. कोटाच नसेल तर डिस्कमधली मोकळी जागा हीच मर्यादा. तेव्हा आधी कोटा लावा आणि नियम 'ऑटो, ९०' करा, म्हणजे ९० दिवसांपूर्वीचं सगळं जाईल. मंजुरीसाठी पाठवलेल्या आवृत्तीला आधी नाव देऊन ठेवा. नेक्स्टक्लाउड २६ पासून नाव दिलेल्या आवृत्त्या आपोआप उडत नाहीत.

रिकामी_डिस्क
मग 'व्हर्जन्स:क्लीनअप' ही कमांड चालवतो आत्ताच?

सर्व्हर_सांभाळतो
थांबा! 'क्लीनअप' सगळ्याच आवृत्त्या उडवतो, आणि वापरकर्त्याचं नाव दिलं नाही तर अख्ख्या ऑफिसच्या. तुम्हाला हवंय ते 'व्हर्जन्स:एक्स्पायर', ते नियमाबाहेरच्याच काढतं. ग्रुप फोल्डर (अनेकांचं सामायिक फोल्डर) वापरत असाल तर त्यांचा डेटा वेगळ्या जागी असतो, तिथे 'ग्रुपफोल्डर्स:एक्स्पायर' स्वतंत्र चालवायचं. थेट फोल्डरात जाऊन 'आरएम' (डिलीटची कमांड) मारू नका, डेटाबेसमधल्या नोंदी तशाच राहतील.

झेडएफएस_प्रेमी
दोन भर. साठा झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर असेल आणि स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेत असाल, तर आवृत्त्या उडवूनही डिस्क लगेच मोकळी होणार नाही. जुने स्नॅपशॉट त्या फायली धरून बसतात, ते आधी काढा.

दुसरं, 'फाइलसिस्टिमचं डीडुप्लिकेशन लावू, म्हणजे सारखे तुकडे एकदाच साठतील' हा मोह टाळा. वर्डच्या रिपोर्टची एक प्रत घ्या, डीओसीएक्स बदलून झिप करा आणि उघडा. 'मीडिया' फोल्डरात फोटो आहेत, मजकूर वेगळ्या एक्सएमएल फायलीत. एक ओळ बदलली तरी फोटोंचे बाइट तेच राहतात, फक्त झिपमध्ये थोडे पुढे-मागे सरकतात. झेडएफएस ठरावीक मापाचे तुकडे करून तुलना करतं, त्यामुळे सरकलेला तुकडा त्याला नवा वाटतो, आणि डीडुपच्या तक्त्याला रॅम जाते ती वेगळीच. बोर्ग किंवा रेस्टिक ही बॅकअपची सॉफ्टवेअरं मजकूर बघून तुकडे पाडतात, त्यांना हे सरकणं चालतं. मग जुना इतिहास तिथे बॅकअपमध्ये ठेवा आणि नेक्स्टक्लाउडात ९० दिवसच.

रिकामी_डिस्क
मोजलं. व्हर्जन्स १९६ जीबी, कचरापेटी ४४, त्यातला बराचसा भाग जुन्या आवृत्त्यांचाच. स्नॅपशॉट नाहीत. आज बॅकअप, उद्या 'एक्स्पायर'.

सर्व्हर_सांभाळतो
'एक्स्पायर' आधी एकाच वापरकर्त्यावर चालवा, त्याच्या फोल्डरवर पुन्हा 'डीयू' लावून बघा, मग बाकीच्यांचं. आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालू आहे ना तेही तपासा, नाहीतर रोजची साफसफाई रखडेल.