झेरॉक्सच्या दुकानातल्या दोन कॉम्प्युटरला कोणता अँटिव्हायरस? बजेट वर्षाला १५००

दुकानदार_सात_रस्ता:
मंडळी नमस्कार. सात रस्त्याजवळ झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाईन फॉर्म आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे माझं. दोन कॉम्प्युटर. एक विंडोज ७ (जुनाय, पण पत्रिकेचं सगळं डिझाईन आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) त्याच्यावर बसलंय, हलवत नाही), दुसरा विंडोज १०. दोन्ही वायरने एकमेकाला जोडलेत, प्रिंटर एकच. कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात, पेन ड्राईव्ह लावला की आतले फोल्डर जाऊन तिथं शॉर्टकट दिसायला लागतात. परवा एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, काका तुमच्याकडूनच व्हायरस येतो. गिऱ्हाईक तुटायला लागलंय. दोन्ही मिळून वर्षाला १५००, वर एक रुपया नाही. फुकटात भागत असेल तर उत्तमच. कॉम्प्युटर बदला म्हणू नका.

होटगी_रोडकर:
म्हणू नका म्हणालात तरी म्हणतो, कॉम्प्युटर बदला. मी मॅक घेतल्यापासून आमच्या घरात व्हायरस हा विषयच निघालेला नाही. महाग वाटतो पण एकदाच काय ते. विंडोज म्हणजे दरवर्षीचं औषधपाणी.

दुकानदार_सात_रस्ता:
१५०० लिहिलंय वर.

कडक_भाकरी:
मॅकला व्हायरस येत नाही हे कुणी सांगितलं बे तुम्हाला. २०१२ साली फ्लॅशबॅक नावाचं आलं होतं, सहा लाख मॅक सापडले होते त्यात.

होटगी_रोडकर:
माझ्याकडे नाही आला.

मूळचा_सोलापूर_हल्ली_हिंजवडी:
डोळे झाकून क्विक हील घ्या, टोटल सिक्युरिटी, तीन वर्षांचं. मी घरी, सासरी आणि मोठ्या भावाकडे तेच टाकलंय. वर आपल्या मराठी माणसाची कंपनी. काटकरांचं आधी पुण्यात कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, तिथनं १९९५ ला हे सुरू झालं आणि २०१६ ला शेअर बाजारात गेलं. अमेरिकेच्या कंपनीला पैसे देण्यापेक्षा हे बरं नाही का. किंमत ऑफरमध्ये बघा, थोडी जास्त होईल बजेटपेक्षा पण सेक्युरिटीत काटकसर करू नये.

भवानी_पेठ_डीटीपी:
नेट प्रोटेक्टर पण पुण्याचंच आहे मालक. आमच्या पेठेत डीटीपीवाले, टॅलीवाले बहुतेक तेच वापरतात, दुकानात बॉक्स मिळतो, फोन केला तर मराठीत बोलतात. माझ्याकडे कधीपासून आहे, तक्रार नाही.

मूळचा_सोलापूर_हल्ली_हिंजवडी:
नेट प्रोटेक्टर वाईट म्हणालोच नाही मी. पण जुनं कोण, मोठं कोण, ते बघा ना.

भवानी_पेठ_डीटीपी:
मोठ्याचा काय संबंध. व्हायरस धरतंय का नाही ते बघायचं.

गड्डा_यात्री:
मी एक नावाजलेला टाकला होता (नाव घेत नाही, इथं भांडणं लागतात). मशीन अशी लोळायला लागली की फोटोशॉप उघडेस्तोवर चहा पिऊन यायचं. शेवटी काढला. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, फुकट असतोच की, तोच चालू ठेवा. आणि दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो हे किती जणांना माहितीय? मग त्या दुसऱ्याची मुदत संपते, माणूस रिन्यू करत नाही, आणि "मुदत संपली"चा डबा रोज बंद करून काम चालू. माझ्या मते तेच जास्त घातक.

सरकाका_निवृत्त:
सर्वांनी आधी मूळ समजून घ्या. पीसीवरचा गाजलेला पहिला व्हायरस ब्रेन, १९८६, लाहोरच्या अल्वी बंधूंनी केलेला. त्यांच्या मेडिकल सॉफ्टवेअरची लोक फुकट नक्कल करायचे म्हणून. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना पहिला वाचतो तो भाग) बसायचा आणि गंमत म्हणजे आत त्यांचा पत्ता आणि फोन नंबर दिलेला! व्हायरस हा दुसऱ्या फाईलला किंवा डिस्कला चिकटून राहतो. वर्म नेटवर्कवरून किंवा पेन ड्राईव्हवरून आपणहून पसरतो. ट्रोजन चांगल्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येतो आणि दार आपणच उघडतो. तुमच्याकडचा शॉर्टकटवाला हा खरं तर वर्म आहे. लोक सरसकट सगळ्याला व्हायरस म्हणतात.

दुकानदार_सात_रस्ता:
सर आभारी आहे. मग घ्यायचं काय?

सरकाका_निवृत्त:
मी हल्ली कॉम्प्युटर वापरत नाही, सगळं मोबाईलवर.

हार्डवेअर_अण्णा:
अशोक चौकात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, आठवड्याला ह्या शॉर्टकटच्या केसेस येतात, नीट वाचा. तुमचे फोल्डर कुठं गेलेले नसतात. तो व्हायरसचा स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) खऱ्या फोल्डरला हिडन आणि सिस्टिम फाईल करून टाकतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढं ठेवतो. पोरगं त्याच्यावर क्लिक करतं, आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डरही उघडतो, त्यामुळे शंकाच येत नाही. चालला की तो कॉम्प्युटरच्या स्टार्टअपमध्ये स्वतःची कॉपी ठेवतो, मग पुढं जो पेन ड्राईव्ह येईल त्यात उडी. त्यामुळे पेन ड्राईव्ह फॉरमॅट मारून उपयोग नाही, मशीन घाण आहे तोवर परत तेच होणार. ती पोरगी बरोबर बोलली.

आधी दोन्हींची मधली वायर काढा. १० वर डिफेंडरचा ऑफलाईन स्कॅन मारा, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो त्यामुळे लपलेला सापडतो. एवढ्यावर भागलं नाही तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, त्यांच्या साईटवर साफ करायची टूल्स फुकट मिळतात. मग फाईल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यूला जाऊन हिडन आयटम्स आणि फाईल नेम एक्स्टेन्शन्स दोन्हीला टिक करा. दुसरं महत्त्वाचं, नाहीतर "प्रोजेक्ट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" अशी फाईल तुम्हाला नुसती पीडीएफ दिसते. गिऱ्हाईकाचे पेन ड्राईव्ह फक्त १० ला लावायचे आणि त्यावर रोजच्या कामाला स्टँडर्ड युजर करा, अ‍ॅडमिन नको. विंडोज ७ ला पेन ड्राईव्ह नाही, नेट नाही, फक्त डिझाईन. त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत, क्रोमने पण २०२३ ला सोडलंय त्याला. खर्च शून्य.

कडक_भाकरी:
पेन ड्राईव्हचा ऑटोरन (लावला की आतला प्रोग्रॅम आपोआप चालतो ते) बंद करायला सांगा की त्यांना.

हार्डवेअर_अण्णा:
विंडोज ७ पासून पेन ड्राईव्हला तो बंदच आहे. म्हणून तर शॉर्टकटची युक्ती काढली त्या लोकांनी, आता आपण क्लिक केल्याशिवाय काम होत नाही.

कडक_भाकरी:
क्लिक न करता पण होतं. स्टक्सनेट २०१० चा, पेन ड्राईव्हमधला नुसता आयकॉन दिसला की चालायचा. इराणच्या अणुप्रकल्पात घुसला होता.

हार्डवेअर_अण्णा:
ते भोक त्याच वर्षी बुजवलं मायक्रोसॉफ्टने. आणि इथं पत्रिका छापतात बे, युरेनियम नाही.

टॅलीताई_एमआयडीसी:
मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघते. दादा तुम्ही सगळे अँटिव्हायरसवर भांडताय पण बॅकअपचं कुणी बोललंच नाही. पेन ड्राईव्हचा व्हायरस निघेल, रॅन्समवेअर आला तर काय? सगळ्या फाईल्स लॉक होतात आणि पैसे मागतात, आणि दिले तरी फाईल मिळेलच असं नाही. मे २०१७ चा वॉनाक्राय आठवतोय ना, दीडशे देशांत पसरला, ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागायचा. त्याला क्लिक पण लागत नव्हतं, नेटवर्कवरून एका मशीनवरून दुसरीवर आपोआप. तुमची ती मधली वायर आहे ना, तसल्याच वाटेने. आणि ते भोक बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं, ज्यांनी टाकलं नाही ते सापडले.

पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, न्हावा शेवाला मर्स्क ह्या जहाज कंपनीचं टर्मिनल बंद पडलं होतं. इथल्या टॉवेल एक्स्पोर्टवाल्यांचे कंटेनर तिथूनच जातात, म्हणजे कुठला युक्रेनमधला व्हायरस आणि कुठं आपलं सोलापूर. आमच्याकडे रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. लावून ठेवली तर तीही लॉक होते. बरेच जण लावूनच ठेवतात आणि म्हणतात बॅकअप आहे.

गड्डा_यात्री:
नॉटपेट्या तर युक्रेनच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आला होता ना? मग अपडेट करा, अपडेट करा म्हणून काय उपयोग. मी तर विंडोज अपडेट बंदच ठेवतो, रात्री आपोआप रीस्टार्ट होतंय.

टॅलीताई_एमआयडीसी:
शिरला तिथून, पण ऑफिसात पसरायला बऱ्याच अंशी वॉनाक्रायचंच भोक वापरलं त्यानं, आणि चोरलेले पासवर्ड. एका अपडेटमध्ये विष निघालं म्हणून सगळीच बंद ठेवायची म्हणजे कमालच आहे.

लिनक्सप्रेमी_जुळे_सोलापूर:
एवढी चर्चा वाचून हसू आलं. उबंटू टाका, फुकट आहे, शॉर्टकट व्हायरस त्याच्यावर चालतच नाही. मी अनेक वर्षं एक रुपया दिला नाही कुणाला.

भवानी_पेठ_डीटीपी:
आणि श्रीलिपी?

लिनक्सप्रेमी_जुळे_सोलापूर:
युनिकोड फॉन्ट वापरा.

भवानी_पेठ_डीटीपी:
तुम्ही लग्नपत्रिका कधी केलेली दिसत नाही.

होटगी_रोडकर:
मुळात पेन ड्राईव्ह घेताच कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणून सांगा गिऱ्हाईकाला.

टॅलीताई_एमआयडीसी:
म्हणजे लोकांचे आधार, पॅन, मार्कशीट सगळं ह्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आणि डाउनलोड फोल्डरमध्ये साठणार. रोज पुसणार का? आणि दादा, त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही तुमचं नेटबँकिंग करत असाल आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह असतील तर ते आधी काढा, पासवर्ड चोरणारे व्हायरस पहिले तिथेच बघतात.

गड्डा_यात्री:
व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवलं, हल्ली लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके (मोबाईल अ‍ॅपच्या) फाईल येतात, उघडून इन्स्टॉल केलं की मोबाईलमधले ओटीपी जातात. आमच्या गल्लीत एकाला पत्रिका आली म्हणून कुणाचं लग्न बघायला गेला आणि खातं साफ.

दुकानदार_सात_रस्ता:
त्याच्यापायी आमचा धंदा बसलाय. पीडीएफ पत्रिका पाठवली तर लोक उघडत नाहीत, फोन करून विचारतात तुम्हीच पाठवली का.

हार्डवेअर_अण्णा:
असला फ्रॉड झाला तर लगेच सायबर फ्रॉडच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन करायचा, जेवढ्या लवकर तेवढी पैसे थांबायची शक्यता.
बरं मालक, एक विचारायचं राहिलं. फोटोशॉप क्रॅक (पैसे न भरता लायसन्स तोडलेलं) आहे का? रागावू नका, शहरात निम्म्या दुकानांत तेच आहे. त्या क्रॅक फाईलसोबत लिहिलेलं असतं की आधी अँटिव्हायरस बंद करा. स्टॉप नावाचा रॅन्समवेअर तसाच पसरलाय, क्रॅक आणि कीजेन (खोटी लायसन्स की बनवणारे प्रोग्रॅम) ह्यातून. त्यातल्या काही जातींची चावी नो मोअर रॅन्सम ह्या साईटवर फुकट मिळते, सगळ्यांची नाही. तुम्ही १५०० चा अँटिव्हायरस घेणार आणि क्रॅकसाठी स्वतःच्या हाताने तो बंद करणार, तर पैसे घालू नका.

दुकानदार_सात_रस्ता:
फोटोशॉपबद्दल नो कॉमेंट.

मूळचा_सोलापूर_हल्ली_हिंजवडी:
मी पहिल्यांदाच सांगितलं होतं, क्विक हील घ्या आणि विषय संपवा.

कडक_भाकरी:
विंडोज १० चे पण अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेत, हे कोण सांगणार त्यांना?

हार्डवेअर_अण्णा:
मीच सांगतो. अपडेटच्या सेटिंगमध्ये जादा वर्षासाठी नोंदणीचा पर्याय येतो, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकटात ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतं. तेवढं करून घ्या.

दुकानदार_सात_रस्ता:
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो. मेव्हण्याचं नव्या पेठेत कॉम्प्युटरचं दुकान आहे, त्याच्याकडून तीन मशीनचा पॅक घेतला. कंपनी इथं कुणी सुचवलेली नाही. १५०० च्या बराच वर गेला, पण मेव्हणा आहे, घरी शांतता लागते. १० वर अण्णांनी सांगितलेला ऑफलाईन स्कॅन मारला, बरंच काही निघालं, एक्स्टेन्शन दाखवायची टिक पण केली. बाहेर पाटी लावली, पेन ड्राईव्ह आधी स्कॅन होईल, थांबावं लागेल. हार्ड डिस्क महिन्याअखेरीस घेतो. मधली वायर मात्र ठेवलीय, डिझाईन इकडून तिकडे न्यायला परत पेन ड्राईव्ह कोण नाचवणार. विंडोज ७ तसाच.

हार्डवेअर_अण्णा:
वायरच तर काढायची होती मालक.

टॅलीताई_एमआयडीसी:
महिन्याअखेरीस नको, आजच घ्या. लग्नसराई तोंडावर आहे आणि सगळ्या डिझाईनची एकच कॉपी त्या जुन्या मशीनवर.

भवानी_पेठ_डीटीपी:
पॅक तीन मशीनचा आणि तुमच्या मशीन दोन. तिसरं लायसन्स विकायचं का? मी घेतो.

दुकानदार_सात_रस्ता:
ते मेव्हण्यानेच त्याच्या मशीनवर टाकून घेतलं.

नवीन_सदस्य_विजापूर_रोड:
सगळा धागा वाचला, छान माहिती. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, दुकानातल्या सीसीटीव्हीला पण व्हायरस लागतो का? बसवून गेलेल्या माणसाने पासवर्ड अ‍ॅडमिन अ‍ॅडमिनच ठेवलाय.

कडक_भाकरी:
लागतो की. २०१६ ला मिराय आला होता, असल्याच पासवर्डचे कॅमेरे आणि राउटर धरून. आत्ता उठा आणि बदला.

होटगी_रोडकर:
कॅमेरा कुठला आहे? मी जो घेतला तो एकदम झकास आहे, लिंक देऊ का?