शब्दचर्चा: ‘थ्रूपुट’ला ‘वेग’ म्हणावे काय?

प्रश्न (फोंडा): सत्तरीतील एका कुळागरात (पोफळीच्या बागेत) संवेदकांचे (सेन्सरांचे) बिनतारी जाळे कसे चालेल, याचे सिम्युलेशन आम्ही एनएस-3 या संगणक-जाळ्यांच्या सिम्युलेटरवर केले असून त्याविषयी मराठीत लेख लिहीत आहोत. वाय-फायच्या 802.11बी मानकानुसार दर सेकंदाला 11 मेगाबिट ठेवला होता, पण निकालात थ्रूपुट, म्हणजे प्रत्यक्ष पोहोचलेल्या माहितीचा दर, जेमतेम 6 मेगाबिट आला. दोन्ही ठिकाणी ‘वेग’ हाच शब्द लिहावा काय?

उत्तर (डिचोली): कृपया लिहू नये. ‘नेटला वेग नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा पान उघडायला लागलेला वेळही मनात असतो आणि फाइल उतरण्याचा दरही. मोजमापात मात्र पहिला ‘विलंब’ आहे आणि दुसरा थ्रूपुट. 11 हा ‘प्रसारण दर’, म्हणजे चौकट (फ्रेम, एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा) हवेत असताना तिचे बिट ज्या दराने जातात तो. 1500 बाइटांना त्या दराने सुमारे 1091 मायक्रोसेकंद लागतात. पण त्याआधी 50 मायक्रोसेकंद थांबणे, सरासरी 310 ची यादृच्छिक प्रतीक्षा आणि 192 ची प्रस्तावना (चौकटीआधीचा जुळणीचा संकेत), शिवाय नंतर 10 चा विराम आणि सुमारे 300 ची पोच (चौकट मिळाल्याची पावती) धरली, की हिशेब 2000 च्या घरात जातो. म्हणून एकच प्रेषक असतानाही 6 च्या आसपासच हाती लागतात. आपले सिम्युलेशन चुकलेले नाही. या 6 ला मी ‘वहनदर’ म्हणेन, आणि पहिल्या उल्लेखात ‘थ्रूपुट’ही लिहीन, कारण विद्यार्थ्यांच्या तोंडी तोच शब्द आहे.

तो कोणत्या पातळीवर मोजला, हेही लिहावे. एनएस-3 मधील फ्लोमॉनिटर या मोजणी-साधनाच्या बाइटांत आयपी आणि यूडीपी यांची शीर्षके धरलेली असतात. त्यातलाच पॅकेटसिंक हा ग्राहक-घटक फक्त अनुप्रयोगाला मिळालेले बाइट मोजतो, त्यामुळे तोच प्रयोग दोन आकडे देतो. पॅकेटसिंकच्या आकड्याला ‘उपयुक्त वहनदर’ म्हणता येईल.

उत्तर (मडगाव): ‘वहनदर’ मलाही पटतो. माझा आग्रह ‘सरासरी विलंब’ या शब्दाविषयी आहे. ही सरासरी केवळ पोहोचलेल्या पॅकेटांची असते. हरवलेल्या पॅकेटांना विलंबच नसतो. लांबच्या संवेदकांची पॅकेटे गळाली, तर उरलेल्या जवळच्यांमुळे विलंब कमी दिसतो आणि खराब जाळे चांगले भासते. म्हणून ‘पोहोचलेल्या पॅकेटांचा सरासरी विलंब’ असे पूर्ण लिहून शेजारच्याच रकान्यात ‘पोहोच-प्रमाण’, म्हणजे पाठवलेल्यांपैकी किती पॅकेटे पोहोचली ते, द्यावे. मोकळ्या जागेत अंतरानुसार संकेत किती क्षीण होतो हे सांगणारे फ्रीस प्रतिमान आपण वापरले असेल, तर हे अधिकच आवश्यक आहे. पावसात भिजलेल्या पोफळी आणि केळीची पाने 2.4 गिगाहर्ट्झचा संकेत शोषतात, त्याची नोंद त्या सूत्रात कुठेच नसते.

प्रश्नकर्ता (फोंडा): प्रतिमान फ्रीसचेच आहे. अंतरानुसार अधिक क्षय धरणारे प्रतिमान घेऊन, यादृच्छिक बीज (यादृच्छिक आकड्यांचा आरंभ-अंक) बदलत प्रयोग पुन्हा चालवतो आणि तक्त्यात प्रसारण दर, वहनदर, पोहोच-प्रमाण व पोहोचलेल्यांचा विलंब असे चार रकाने करतो.