धावपट्टीवरचा धोका यंत्राला आधी कळला, तर सांगायचा कोणाला?

खिडकीजवळची_सीट (धागाकर्ता)

२ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. तटरक्षक दलाचं छोटं विमान परवानगी नसताना धावपट्टीवर गेलं आणि साधारण चाळीस सेकंद तिथे उभं राहिलं. मागून जपान एअरलाइन्सचं ए-३५० उतरलं. मोठ्या विमानातले ३७९ जण वाचले, छोट्यातल्या सहांपैकी पाच गेले. मला छळते ती गोष्ट वेगळीच. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा उमटलेला होता! कंट्रोलरचं तिकडे लक्ष गेलं नाही.

आता हिशोब बघा. मोठ्या धावपट्टीची होल्ड लाइन (परवानगी मिळेपर्यंत जिथे थांबायचं ती ओळ) मध्यरेषेपासून ९० मीटरवर असते, म्हणजे पट्टीच्या कडेपासून साठ-पासष्ट मीटर. १५ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) येणारं विमान हे अंतर आठेक सेकंदांत कापतं. तेवढ्यात १४० नॉटने उतरणारं विमान अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे आलेलं असतं. घुसल्यावर कळून काय उपयोग, घुसणार आहे हे कळायला हवं.

आणि ते काढता येतं. १९६० साली कालमनने मांडलेल्या फिल्टरचीच ही वंशावळ आहे. रडारचा ठिपका थरथरतो, म्हणून नेमकी जागा न धरता 'बहुधा इथे, एवढ्या फरकाने' असा अंदाज धरायचा आणि दर नव्या ठिपक्याला तो सुधारायचा. जोडीला तीन-चार शक्यता समांतर चालवायच्या: ब्रेक लावतोय, तसाच येतोय, वळतोय. ज्या वेगाने ओळीपाशी थांबता येईल त्याच्या वर तो राहिला की 'थांबेल'चं वजन आपोआप उतरतं. माझं म्हणणं, हा आकडा टॉवरमध्ये अडकवू नका. थेट कॉकपिटमध्ये आणि जमिनीवरच्या दिव्यांत जाऊ द्या.

हेडसेट_उतरवलेला

बरीच वर्षं टॉवरमध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो. गणित बरोबर, माणूस चुकला. समजा दिवसाला हजार उड्डाणं-उतरणी आहेत आणि तुमचं यंत्र हजारात एकदाच उगाच ओरडतं. म्हणजे रोज एक खोटी बोंब. खरी घुसखोरी वर्षात मोजकी. महिन्याभरात त्या आवाजाकडे कोण मान वळवेल?

मिलानच्या लिनाटेला ८ ऑक्टोबर २००१ ला दाट धुकं होतं. छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेने (धावपट्टीकडे जायच्या रस्त्याने) धावपट्टीवर आलं, ११८ जण गेले. जमिनीवरचा जुना रडार बंद केलेला, नवा बसवलेला नव्हता. आणि त्या टॅक्सीवेवरचे हालचाल टिपणारे सेन्सर होते, पण गाड्या आणि जनावरांमुळे खोटे इशारे येतात म्हणून तेही बंद ठेवलेले. लांडगा आला रे आला इतकं ऐकू आलं, की कुंपणच काढून टाकलं.

पिवळी_जीप

दोघांचंही वाचलं. मी धावपट्टीच्या तपासणीची गाडी चालवायचो. ओळीच्या फूटभर आधी झटकन ब्रेक मारायची सवय होती, सगळ्यांनाच असते. यंत्राच्या दृष्टीने मी दर वेळी घुसणारच होतो. एकदा पावसात टॉवरने विचारलं, "दुसरी गाडी कुठली?" दुसरी गाडी नव्हतीच. ओल्या पट्टीवरून आलेला प्रतिध्वनी. तुमचा फिल्टर अशा भुताचाही व्यवस्थित पाठलाग करेल हो, वेग-दिशेसकट.

बाकी, विमानांना ट्रान्सपॉन्डर असतो, म्हणजे स्वतःची ओळख कळवणारं यंत्र. गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरवर काय असतं ते विचारू नका.

शंकाखोर_संख्याशास्त्री

हेडसेट, तुमच्या गणितात एक गोम आहे. 'हजारात एक' हा दर देवाने दिलेला नाही, उंबरठा आपण ठरवतो. जीपवाले ओळीशी थांबताना पलीकडे कोणी उतरत नसेल, तर घुसण्याची शक्यता ७० टक्के असूनही तोंड बंद ठेवायचं. पण उतरणारं विमान तीस सेकंदांवर असेल, तर २० टक्क्यांनाही ओरडायचं. शक्यता आणि परिणाम यांचा गुणाकार बघायचा. नुसता 'ओलांडली की वाजव' नियम हे करू शकत नाही, म्हणून तर संभाव्यता हवी.

भुताचं मात्र खरं आहे. त्यावर उपाय एकच, रडारखेरीज दुसरा साक्षीदार हवा. मल्टिलॅटरेशन (ट्रान्सपॉन्डरचा सिग्नल अनेक ठिकाणी पकडून जागा काढणं) किंवा कॅमेरा, काहीही.

खिडकीजवळची_सीट

अगदी! आणि तो साक्षीदार पैसे खातो म्हणून सगळीकडे बसत नाही. ऑस्टिनला ४ फेब्रुवारी २०२३ ला धुक्यात फेडेक्सचं मालवाहू विमान उतरत होतं आणि त्याच पट्टीवर साउथवेस्टचं उडायला निघालेलं. तिथे जमिनीवरचा रडारच नव्हता. फेडेक्सच्या वैमानिकांनी स्वतः ओळखून नाक वर खेचलं म्हणून निभावलं. यंत्राचा आवाज कॉकपिटमध्ये हवा तो यासाठी.

हेडसेट_उतरवलेला

त्याआधी तीनच आठवडे, १३ जानेवारीला न्यूयॉर्कच्या जेएफकेला एक विमान भलत्याच ठिकाणी पट्टी ओलांडत होतं. यंत्राने टॉवरला सांगितलं, कंट्रोलरने त्याच पट्टीवर उडायला धावणारं डेल्टाचं विमान थांबवलं. जागं टॉवर असेल तर तोही चालतो, हे तुम्ही सोयीने विसरता.

आणि कॉकपिटमध्ये दुसरा आवाज घालण्याआधी जर्मनीतल्या युबरलिंगेनवरची दोन विमानांची हवेतली टक्कर आठवा. १ जुलै २००२. एका विमानाला टक्कर टाळणारं यंत्र सांगतंय वर जा, कंट्रोलर सांगतोय खाली जा; दुसऱ्याला यंत्रच सांगतंय खाली जा. पहिल्याने कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्याने यंत्राचं, आणि दोघंही खाली गेली. ७१ माणसं. हवेत निदान नंतर नियम पक्का झाला की यंत्र श्रेष्ठ. जमिनीवर तुमचं '७० टक्के' कोणत्या तोंडाने तसा हुकूम देणार? उड्डाणाच्या वेगात, निर्णयाच्या सीमेपाशी (ज्यानंतर पट्टीवर थांबणं शक्य नसतं) असताना खोट्या इशाऱ्यावर ब्रेक मारला, तर विमान पट्टीच्या टोकाबाहेर जातं. तो अपघात तुमच्या यंत्राने घडवलेला.

पिवळी_जीप

मग दिवे! अमेरिकेत काही विमानतळांवर आहेत. पट्टीवर विमान वेगाने धावत असलं किंवा उतरायला येत असलं की प्रवेशावरचे लाल दिवे आपोआप लागतात, टॉवरला विचारत नाहीत. त्यातली खुबी म्हणजे ते फक्त 'नाही' म्हणतात. दिवा विझला म्हणजे 'जा' असं नाही, परवानगी टॉवरचीच. परवानगी मिळाली आणि दिवा लाल, तर थांबायचं आणि विचारायचं. चालकाला एवढं समजतं.

हेडसेट_उतरवलेला

हे मान्य. उभ्या विमानाला थांबवण्यात फार तर दोन मिनिटं जातात. उतरणाऱ्याचं तसं नाही.

खिडकीजवळची_सीट

पण हानेदात मरण आणणारं विमान उतरणारंच होतं. त्याच्यासाठी काय? डॅलसला उतरणीच्या कोनाचे दिवे लुकलुकवून 'पट्टी रिकामी नाही' सांगायचा प्रयोग झाला होता. टॉवर गाफील असला तरी वैमानिकाला दिसतं.

हेडसेट_उतरवलेला

दिसतं, आणि तो गो-अराउंड घेतो, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातो. वर शेजारच्या पट्टीवरून उडालेलं विमान असेल तर? ठीक आहे, लुकलुकवा. पण किती अंतरावर सुरू करायचं? फार लवकर केलंत, तर पुढचं विमान अजून पट्टी सोडतच असतं आणि दर दोन मिनिटांनी दिवे लुकलुकत राहतील.

शंकाखोर_संख्याशास्त्री

म्हणूनच पुढचं विमान पट्टी सोडेल तेव्हा मागचं कुठे असेल, याचा अंदाज धरून लुकलुकवायचं. परत तोच फिल्टर.

हेडसेट_उतरवलेला

आणि पुढच्याने बाहेर पडण्याचा एक्झिट चुकवला तर? रोज कोणीतरी चुकवतं.