शहराने वीज वितरण स्वतःच्या ताब्यात घ्यावं का? मतदान आहे, नीट कळत नाहीये

सायली_र
नमस्कार मंडळी. आमच्या शहराचा खाजगी वीज कंपनीबरोबरचा करार संपत आलाय, आणि तो वाढवण्याऐवजी शहरानेच खांब, तारा, सबस्टेशन विकत घेऊन स्वतः वीजपुरवठा करावा असा प्रस्ताव आलाय. लवकरच मतदान आहे. एक बाजू म्हणते कंपनीचा नफा वाचेल म्हणजे बिल कमी येईल, दुसरी म्हणते शहर कर्जात बुडेल. गेल्या वर्षी वादळानंतर आमच्याकडे चार दिवस लाइट नव्हती, आईचं ऑक्सिजन मशीन शेजाऱ्यांच्या जनरेटरवर चालवलं, त्यामुळे मला कंपनीचा रागच आहे. पण रागावर मत द्यायचं नाहीये. कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा, शहराने वीज स्वतः चालवायची म्हणजे नक्की काय करायचं असतं?

फीडर_अकरा
मी वितरणात बरीच वर्षं काढलीयेत म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे शहराला वीज तयार करावी लागेलच असं नाही. वीज तीन टप्प्यांत येते, निर्मिती, पारेषण (मोठ्या तारांनी लांबून आणणं) आणि वितरण (घरोघरी पोचवणं), आणि शहरं बहुतेक वेळा फक्त वितरण घेतात, वीज बाहेरून करार करून विकत घेतात. म्हणजे तुमच्या बिलातला मोठा भाग, जो विजेच्या खरेदीचा असतो, तो मालक बदलला म्हणून आपोआप कमी होत नाही.

दुसरं, ज्यावर सभांमध्ये कोणी बोलत नाही. वीजजाळं शहराची हद्द बघून बांधलेलं नसतं. एकाच सबस्टेशनमधून निघालेला फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणारी मुख्य लाइन, अर्धा शहरात आणि अर्धा बाहेरच्या गावांना जातो, मग उद्या शहराने आपला भाग वेगळा करायचा म्हटलं की मध्ये नवीन लायनी, नवीन ब्रेकर, कधीकधी अख्खं नवीन सबस्टेशन लागतं, आणि बाहेरच्या लोकांचा पर्यायी पुरवठा तुटणार नाही हेही बघावं लागतं. हा खर्च खरेदीच्या किमतीत धरलाय का ते आधी विचारा.

अमेरिकेतलं बोल्डर शहर नेमकं इथेच अडकलं. 2011 मध्ये लोकांनी होकार दिला, कारण त्यांना कोळशाची वीज नको होती, आणि मग हद्दीबाहेरचे ग्राहक, यंत्रणा कशी तोडायची, किंमत किती यावर राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे आणि कोर्टात वर्षानुवर्षं गेली. शेवटी 2020 मध्ये लोकांनीच मत देऊन जुन्या कंपनीशी, एक्सेलशी, पुन्हा करार केला.

मीरा_के
बोल्डरचंच उदाहरण सगळे देतात म्हणून दुसरी बाजू मांडते. फ्लोरिडातलं विंटर पार्क, छोटं शहर, सतत लाइट जायची म्हणून वैतागलेलं. 2005 मध्ये वितरण ताब्यात घेतलं आणि टप्प्याटप्प्याने तारा जमिनीखाली टाकायला घेतल्या, कारण वादळात झाडं तारांवर पडणं हेच मूळ दुखणं होतं. नफ्यासाठी चालणारी कंपनी हे काम मागे ढकलत राहते, शहर मात्र बिलातले पैसे तिथेच घालायचं ठरवू शकतं. सायलीताई, तुमच्या आईंची गोष्ट वाचून मला हेच आठवलं.

आणि हे काही जगावेगळं नाही हो. अमेरिकेत सुमारे 2,000 सार्वजनिक वीज संस्था आहेत, नेब्रास्का राज्यात तर खाजगी मालकीची वीज कंपनीच नाही. जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये 2013 साली सार्वमत झालं, जेमतेम 50.9 टक्के मतं मिळाली, तरी शहराने जाळं परत घेतलं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हो म्हणणारे खूप जास्त होते पण ठरावाला लागणारं किमान मतदान थोडक्यात कमी पडलं म्हणून ठराव पडला, आणि तरीही 2021 मध्ये बर्लिनने जाळं विकत घेतलंच.

हिशोबनीस
मीराताईंचं खोटं नाही, पण किंमत काय द्यायची यावर सगळं आहे. शहर म्हणतं यंत्रणा जुनी झालीये, घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, वजा करा. कंपनी म्हणते आज नवीन उभारायला जितके लागतील तितके द्या, शिवाय बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई द्या. या दोन आकड्यांत कित्येक पटींचा फरक असू शकतो आणि निकाल लवाद किंवा कोर्ट देतं, तेही मतदान झाल्यावर! म्हणजे तुम्ही हो म्हणता तेव्हा किंमत माहीतच नसते. म्हणून प्रस्तावात वरची मर्यादा हवी, त्यापुढे गेलं तर पुन्हा लोकांना विचारायचं.

शहराचा फायदा खरा आहे, कर्ज स्वस्तात मिळतं आणि शेअरहोल्डरांना लाभांश द्यायचा नसतो. पण महाग घेतलं तर हे सगळं हप्त्यांत जातं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 1998 मध्ये सार्वजनिक संस्थेने जुनी कंपनी घेतली तेव्हा शोरहॅम अणुप्रकल्पाचं कर्जसुद्धा अंगावर घेतलं, जो प्रकल्प ग्राहकांसाठी कधी नीट चाललाच नाही. लोक वर्षानुवर्षं तेच फेडत राहिले. शिवाय आज कंपनी शहराला जो कर देते तो बंद होईल, ते भगदाड कशातून भरणार तेही विचारा.

फीडर_अकरा
एक राहिलं, माणसं. जाळं विकत घेता येतं पण कुठल्या गल्लीतला कुठला स्विच कोणत्या रिंगवर (दोन्ही बाजूंनी वीज देता येईल अशा जोडणीवर) आहे हे जुन्या लाइनमन लोकांच्या डोक्यात असतं. ते नवीन संस्थेत येणार का, कोणत्या पगारावर, त्यांची पेन्शन कोण देणार? वादळाच्या वेळी मोठी कंपनी दुसऱ्या विभागातून शेकडो माणसं आणते, शहराला त्यासाठी शेजारच्या संस्थांशी मदतीचे करार आधीच करून ठेवावे लागतात. सार्वजनिक संस्था हे छान करतात, पण आपोआप होत नाही ते. आणि धीर ठेवा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोने 1923 मध्ये मत दिलं आणि स्वतःची वीज सुरू झाली 1946 च्या शेवटी.

मीरा_के
पण त्या 23 वर्षांनंतर सॅक्रॅमेंटोची संस्था आजही चालू आहे, लोक तिचं संचालक मंडळ स्वतः निवडतात, हेही लिहा ना. आणि माझं मत विचाराल तर दरवाढीची सुनावणी आपल्याच शहरात, आपण निवडलेल्या माणसांसमोर होणं हे मला दोन पैसे स्वस्त विजेपेक्षा मोठं वाटतं.

सायली_र
खूप आभार सगळ्यांचे. आत्ता प्रस्ताव पुन्हा वाचला. जाळं वेगळं करायच्या खर्चाचा त्यात उल्लेखच नाही, किमतीला मर्यादा नाही, आणि वादळात काय करणार यावर एकच ओळ आहे. मला मनातून हो म्हणायचंय, पण पुढच्या आठवड्यात सभा आहे तिथे आधी हे तिन्ही लेखी मागणार आहे. फीडरदादा, सबस्टेशनवरून कुठकुठले फीडर शहराबाहेर जातात याचा नकाशा आम्हा नागरिकांना मागता येतो का?

फीडर_अकरा
कंपनी सुरक्षेचं कारण देऊन सगळा नकाशा देणार नाही, पण शहराच्या सल्लागाराने व्यवहार्यता अहवाल केला असेल तर त्यात एका रेषेचा आराखडा (सिंगल लाइन डायग्राम, कुठली लाइन कुठे जोडलीये याचं साधं चित्र) असतोच, तो मागा. मिळाला की इथे टाका, मी बघून सांगतो.