मदत हवी आहे : शुक्रवारी नर्सरीत 'बी ते रोप' न्यायचंय, बिया कुजल्यात!

रेवाआई (मंगळवार, रात्री ८:४०)
शाळेच्या पत्रकात आहे : घरी बी रुजवा, चार टप्पे दाखवा, मुलाने स्वतः लावावं, घरातल्या मोठ्यांचा सहभाग हवा. कापसावर लावलं होतं. वास येतोय, बी बुळबुळीत झालंय. शुक्रवारी सकाळी ८ ला द्यायचंय. आज रात्रीच काय करू ते सांगा. व्हिडिओ बघा म्हणू नका, दहा बघून झाले.

चौकट_राजा (८:४८)
कुठलं बी? कधी लावलं? पाणी किती? झाकण होतं का?

मोगरा_७ (८:५१)
कापूस सोडा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. कोकोपीट, गांडूळखत आणि माती सारख्या भागात, कुंडी ६ इंची, तळाला भोकं. माझ्या गच्चीवर सगळं त्यातच येतं.

चौकट_राजा (८:५३)
मोगरा, नर्सरीचं पोर आहे, गच्चीवरची बाग नाही. आणि तीन दिवस आहेत.

रेवाआई (८:५९)
राजमा. रविवारी सकाळी. कापूस चांगला ओला केला, म्हणजे दाबला की पाणी निघेल इतका. डब्याला झाकण, कारण मुंग्या लागतात.

बी_बियाणे (९:०७)
मग कुजणारच. बी श्वास घेतं. कापूस पाण्याने ठिबकत असेल तर हवेला जागाच उरत नाही, त्यात झाकण. बीच्या आतला अन्नाचा साठा बुरशी आणि जिवाणू खातात, वास त्याचाच. कापूस ओला हवा, पिळला तर थेंब पडू नये इतका. शिवाय राजमा मुळात सावकाश. भिजवल्यापासून मूळ दिसायला ३ ते ५ दिवस, पानं उघडायला ८ ते १०. रविवारचा राजमा सगळं नीट झालं असतं तरी शुक्रवारी रोप झाला नसता.

आणि तो डबा आजच बाहेर टाका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. चार-पाच दाणे चावून खाल्ले तरी जोराच्या उलट्या होतात. नीट उकळल्याशिवाय ते जात नाही, नुसतं भिजवून नाही. मुलगी किती वर्षांची?

रेवाआई (९:१२)
२ वर्षं १० महिने. सगळं तोंडात घालते. हे आधी लिहायला हवं होतं का?

चौकट_राजा (९:१३)
हो!!

अनुस्वार (९:१६)
मुळात पावणेतीन वर्षांच्या मुलीला गृहपाठ कशाला? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती. आता घराचीच शाळा केलीये.

ओसरी (९:२१)
अनुस्वार, मग हे त्याच वाटेने चाललंय की! अंगणवाडीची कल्पनाच घराजवळ, घरच्या वस्तूंनी शिकवायची. ताराबाईंचं काम पुढे जिथे गेलं त्या कोसबाडलाही पानं, बिया, शंख-शिंपले हेच साधन होतं. राजमा काही वेगळा नाही.

अनुस्वार (९:२४)
तिथे मूल खेळायचं. इथे आई रात्री ९ ला धागा काढते. फरक आहे.

बी_बियाणे (९:३१)
हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. ताई, तुमचं उत्तर एका ओळीत : एकच बी चार दिवस बघायचं नाही, चार वेळा बी लावायचं. या वयाच्या मुलीला 'परवा ते असं होतं' हे डोक्यात धरून ठेवता येत नाही. चारही टप्पे एकाच ताटात शेजारी आले की बोटाने दाखवता येतात. पत्रकातला क्रमही तिथेच होतो.

हिरवे अख्खे मूग घ्या. डाळ नको, सालाचीही नको, अर्ध्या दाण्याला मोड येत नाही. चार वाट्या.
आज रात्री १० वाजता १० दाणे, दुप्पट पाण्यात. उद्या सकाळी निथळून ओल्या फडक्यात सैल पुरचुंडी. दिवसातून तीनदा पाणी शिंपडा, भिजत ठेवू नका.
बुधवारी रात्री आणखी १०, तसंच.
गुरुवारी रात्री आणखी १०, नुसते भिजवून.
चौथे १० कोरडे.
शुक्रवारी ८ वाजता : कोरडे, फुगलेले, मोड आलेले, लांब मूळ आलेले. पावसाळी उकाडा आहे, वेळ जमेल.

रेवाआई (९:३६)
पण पत्रकातल्या चित्रात शेवटी दोन पानं आहेत!

बी_बियाणे (९:४०)
मुगाची पानं शुक्रवारी नाही निघणार. खोटं सांगून उपयोग नाही. पानाची घाई असेल तर अळीव. भिजवू नका, भिजले की चिकट गोळा होतो. बशीत घडी केलेला टिश्यू, त्यावर पाणी दोन चमचे, वर अर्धा चमचा अळीव विरळ पसरा. गुरुवारी देठ दिसतील, शुक्रवारी हिरवे ठिपके. पानं नीट उघडली तर नशीब. मुगाचे उरलेले मोड मातीत टाका, आठवड्याने पानं दाखवता येतील.

मोगरा_७ (९:४४)
मी म्हणत होतो ते हेच, माती.

खिडकीतली_शेती (९:५०)
कापूस मी कधीच सुचवत नाही. मूळ त्यात गुंतते आणि मुलाने ओढलं की तुटतं. काचेचा ग्लास घ्या, आतून टिश्यूची गोल गुंडाळी, काच आणि टिश्यूच्या मधे मूग, तळाला एक सेंटिमीटर पाणी. बी पाण्याच्या वर राहायला हवं. सगळं बाहेरून दिसतं, उघडावं लागत नाही, तोंडात जायचीही भीती कमी.

चौकट_राजा (९:५५)
ग्लास फुटला तर? प्लॅस्टिकचा पारदर्शक घ्या. आणि ताई, दाणे तोंडात आणि नाकात जाण्याचा प्रश्न हा खरा प्रश्न आहे. साधी खूणगाठ : जी वस्तू सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाला एकट्याने हाताळायला द्यायची नाही. मूग मावतोच. नाकात गेलेलं कडधान्य ओलाव्याने फुगतं, मग डॉक्टरांकडेच जावं लागतं. चिमटा, कांडी, पाणी असलं काही घालून काढू नका. दाणे मोजून द्या, मोजून परत घ्या.

ओसरी (१०:०२)
मोजण्यावरून आठवलं. दहा नको, प्रत्येक वाटीतले तीनच तिच्यासमोर ठेवा. या वयात तीनपर्यंत एकेक बोट लावून मोजणं जमतं, पुढे आकडे धावतात. मोठ्यांचा सहभाग म्हणजे फोटो काढणं नाही. आजी फडकं बांधेल आणि विचारेल, 'कालचं कुठलं, आजचं कुठलं?' शब्द तीनच ठेवा : फुगलं, फुटलं, वाढलं. 'अंकुरण' नको. घरी नवरात्रात घट बसत असतील तर आजोबांना तेच विचारा, गहू कधी उगवतो, पिवळा का पडतो. उजेड मिळत नाही म्हणून. ऑक्टोबरात परत विषय काढता येईल.

अनुस्वार (१०:०६)
हे खेळणं आहे. हे मान्य.

रेवाआई (बुधवार, सकाळी ७:२०)
निथळले. आठ मस्त फुगलेत, साल सुटलीये. दोन तसेच कडक, दगडासारखे. बिघडलं का काही?

बी_बियाणे (७:३१)
गणंग. कडधान्यात असतातच. साल पाणीच आत घेत नाही. फेकू नका, कोरड्या वाटीजवळ ठेवून तिला हात लावू द्या, फुगलेला एक शेजारी. दाबून बघितलं की तिला फरक कळतो. बोटाने, दाताने नाही. आणि फडकं दुपारी तपासा, आंबूस वास आला तर एकदा धुऊन पिळून घ्या.

मोगरा_७ (७:४०)
उरलेल्या मोडांची उसळ करायला हरकत नाही ना?

चौकट_राजा (७:४४)
मुलीने हाताळलेल्यांची नको. वेगळी मूठ भिजवा.