मदत हवी आहे: १० माद्यांवरून १०० वर जायचंय, बँक अडवतेय

घाटकरी
आजोबांचा मका, वडिलांनी त्याला वराहपालनाची जोड दिली, आता कारभार माझ्याकडे. १० माद्या, सगळ्या यॉर्कशायर. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ५० टक्के अनुदान आहे, कमाल ३० लाख. खर्चात मोठा वाटा खाद्याचा आणि मका घरचाच. तरी बँक फाईल हलवत नाही. काय करू? लवकर सांगा, मका काढणीला आलाय, विकायचा की ठेवायचा ते ठरवायचंय.

शिवार७
जमीन किती? गाव कुठलं? माल जातो कुठे?

घाटकरी
गडहिंग्लजजवळ. १४ एकर. माल गोव्याला.

रानमेवा
दादा, उस्मानाबादी शेळ्या करा. बाजार दारात.

घाटकरी
शेळ्यांचं विचारलेलं नाही हो.

पेंडवाला
बँकेचं सोडा, आधी मक्याचा हिशोब करा. मादी वर्षाला टनभर खाते. तिची १६ पिल्लं विक्रीच्या वजनाला न्यायची तर प्रत्येकी अडीच क्विंटल धरा. म्हणजे एका मादीमागे ५ टन खाद्य, त्यात ३ टन मका. एकरी २५ क्विंटलने तुमचा मका ३५ टन. आहे त्या माद्यांना तेवढाच पुरतो! १०० माद्यांना १२० एकर लागतील. सोयाबीन पेंड वेगळीच.

कोल्हापुरी_गडी
एवढा मका कशाला? हॉटेलचं उरलेलं आणा, फुकटात. आमची जनावरं त्याच्यावरच वाढली.

पशुवैद्य_आजरा
कृपया असं सुचवू नका. त्यात डुकराचं मांस असेल आणि ते नीट उकळलं नसेल, तर आफ्रिकन स्वाइन फीवर थेट गोठ्यात येतो. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला. औषध नाही, कळपच्या कळप जातो. घाटकरी, मका ठेवणार असाल तर नीट वाळवून ठेवा. बुरशी लागलेला मका खाऊन माद्या पुन्हा पुन्हा माजावर येतात, गाभण राहत नाहीत.

कोल्हापुरी_गडी
आम्हाला कधी काही झालं नाही.

पशुवैद्य_आजरा
अजून झालं नाही, एवढंच.

शिवार७
आणि मका स्वस्तात मिळेल हेही विसरा. इथेनॉलवाले उचलतात आता. २०२५-२६ चा हमीभाव २४०० आहे.

रानमेवा
हमीभावाने घेतं कोण? आमच्याकडे व्यापारी ओल दाखवून पाडतात.

पेंडवाला
तो वेगळा धागा काढा. घाटकरी, सातबारा कोणाच्या नावावर?

घाटकरी
आजोबांच्या. वडील आणि दोन चुलते, वारस नोंद व्हायचीय.

पेंडवाला
मग बँक अडवणारच! तारण कोणाचं घेणार ती? आधी तलाठ्याकडे वारस नोंद, मग चुलत्यांचं संमतीपत्र. तोवर २० माद्यांपर्यंत जा, निम्मा मका विकत घेऊन. आणि यंदाचा मका विकू नका.

घाटकरी
धाकटे काका पुण्यात असतात, सहीला तयार नाहीत. त्यांचा हिस्सा वेगळा काढून दिला तर उरलेल्या जमिनीवर अर्ज चालतो का? कोणी केलंय?